कोरे टायर

९ सप्टेंबर

बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईची दाढ दुखत होती, ती काढली. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून लिहिते आहे, आणि विषय फक्त टायरचा आहे.

रविवारी तुझ्याशी बोलून झाल्यावर आई म्हणाली, "त्यानं गाडी घेतलीय. दोनच माणसांची. टायर बदलायचेत म्हणे."

मी विचारलं, "मला विचारायला सांगितलं का त्यानं?"

"नाही. पण मला कशाला सांगेल तो टायरचं? मी काय टायर विकते?"

यातून मी काय समजायचं ते समजले. चुकीचं समजले असेन तर पत्र फाडून टाक, फक्त आकडे आधी उतरवून घे.

एक्स-रे काढणाऱ्या माणसाला स्पोर्ट्स कार कशाला लागते, यावर मी अवाक्षर काढणार नाही. गाडी लाल नसून राखाडी आहे असं कळलं, म्हणजे थोडी अक्कल शिल्लक आहे.

आता कामाचं. सध्याच्या टायरच्या बाजूवर माप छापलेलं असतं, २२५/४० असं काहीतरी. पुढच्या आणि मागच्या टायरचं माप वेगळं असेल. तसल्या गाड्यांचे मागचे टायर रुंद असतात, कारण सगळा जोर मागच्या चाकांना जातो. दोन्ही मापं पाठव. गाडी रोज कामावर नेणार की सुट्टीच्या दिवशी मिरवणार? रस्ता कसा आहे? सकाळी किती वाजता निघतोस, आणि तेव्हा थंडी किती असते? यातलं काहीच न सांगता "सगळ्यात भारी टायर द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी बाकावर बसवून पाणी देते.

तुझ्यासाठी थोडक्यात सांगते. त्या गाडीला तीन जातींचे टायर बसतात. एक शर्यतीच्या मैदानावरचे. त्यांच्या खाचा नावालाच असतात, रबर तापलं की रस्त्याला चिकटतं, पण गार रस्त्यावर आणि पाण्यात त्यांचा काही भरवसा नाही. दुसरे रस्त्यावरचे वेगवान टायर. वळणावर पक्के, पाणी बाहेर फेकायला खाचाही चांगल्या, मात्र कडाक्याच्या थंडीत यांचंही रबर कडक होतं. तिसरे बारमाही. कशातच पहिला नंबर नाही आणि कशातच नापासही नाहीत. तुझ्या वर्गात तू असायचास तसे.

कळव.

ताई

२१ सप्टेंबर

बारक्या,

तुझा कागद मिळाला. ना "प्रिय", ना "ताई", ना खाली सही. एक ते सात आकडे घालून सात उत्तरं. हॉस्पिटलातला फॉर्म तरी बरा, त्यात पेशंटचं नाव असतं. पण उत्तरं नीट दिली आहेस, म्हणून मी खूश आहे.

रोज जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. सकाळी सहाला निघणं. वाटेत नदीवरचा पूल, आणि पुलानंतर झाडांखालचं वळण, जे दुपारपर्यंत ओलं असतं. गाडी उघड्यावर उभी. तुमच्या डोंगरावर थंडीचे दोन महिने काचेवर गोठलेलं दव खरवडावं लागतं. हे वाचून माझं उत्तर ठरलं. वर्षभर एकच संच वापरायचा असेल तर बारमाही घे, त्यातल्या वेगवान गाड्यांसाठी बनवलेल्या जातीचे. दोन संच ठेवायची तयारी असेल तर रस्त्यावरचे वेगवान घे आणि थंडीसाठी वेगळे. चारही टायर एकाच जातीचे हवेत. पुढे एक आणि मागे एक असला मेळ त्या गाडीला चालायचा नाही.

आणि तू काय लिहितोस, तर तुझ्याकडच्या टायरवाल्याकडे मैदानावरच्या जातीचे चार टायर बरोब्बर तुझ्या मापाचे पडलेत आणि तो लगेच बसवून देतोय. तू सहा वाजता मैदानावर जातोस का? ते रबर तापायला वेळ लागतो आणि तुझं ओलं वळण घरापासून सहा किलोमीटरवर आहे. तिथे पोचेस्तोवर टायर गारच असणार.

शिवाय तो म्हणतो की टायर "अगदी कोरे" आहेत. हा शब्द आमच्या धंद्यात सगळे वापरतात. कोरा म्हणजे रिमवर न चढलेला, एवढंच. तो कधी बनलाय हे त्यात येत नाही. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाच आणि मला कळव. न चालवताही रबर म्हातारं होतं. वरून नवं कोरं दिसतं आणि आतून लाकूड झालेलं असतं.

आई आता खालच्या खोलीतच झोपते हे तुला माहीत आहे. जिना चढायचं तिने सोडून दिलंय. वॉकरच्या पायांची रबरं झिजली होती, ती मी बदलली.

चार आकडे कळव. विसरू नकोस.

ताई

२ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं पत्र आज दुकानात मिळालं. या वेळी वाक्यं होती, पण वाचताना कानाखाली बसल्यासारखं झालं.

आकडे १८१७. अठरावा आठवडा, सन २०१७. म्हणजे सात वर्षांचे आहेत. दुकानदार हसून म्हणाला, "टायर म्हणजे काय दूध आहे का, तारीख बघून घ्यायला?" आणि तू त्याचंच खरं धरलंस. नक्षी पूर्ण आहे, बनवतानाचे रबराचे बारीक केससुद्धा अजून अंगावर आहेत, आणि बारा तारखेला बसवून घ्यायचं ठरलंय. खाली लिहिलंस, "वेगाबद्दल तुझं ऐकून झालं. आता टायरबद्दलही तुझंच ऐकू?"

ऐक. यापुढचं मी पाच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी आईला डॉक्टरकडून आणताना गाडी घसरली, दुभाजकावर आदळली आणि आईचा खुबा मोडला. तू म्हणालास, "मी साठच्या आत होतो. ब्रेकही दाबला नव्हता. मागून गाडी आपोआप वळली." मी काका, आत्या, सगळ्यांच्या समोर म्हटलं, "गाडी आपोआप वळत नसते. तू वेगात होतास." आई पलंगावरून म्हणाली होती, "अगं, तो हळूच चालवत होता." मी तिला म्हटलं, "तुला काय कळतंय वेगातलं?"

पाऊस होता आणि साठचा वेग होता. मागचे टायर बरे असते तर गाडी तशी वळली नसती. मला हे तेव्हाच कळलं होतं. टायरच्या दुकानात वाढलेल्या बाईला कळणार नाही तर कुणाला कळणार?

मागचे दोन टायर मीच तीन महिन्यांपूर्वी घातले होते. तू विचारलंस, "नवे का?" मी म्हटलं, "कोरे आहेत." आणि ते कोरेच होते. बाबांनी शेवटच्या खरेदीत आणलेले, कुणाच्याच मापाला न लागलेले, आठ वर्षं माळ्यावर पडून. बाबा गेल्यावर मी मालाची आवराआवर केली, पण ते दोन भंगारात टाकवेनात. घरच्या गाडीला चालतील म्हटलं. गिऱ्हाइकाला मी ते कधीच दिले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

म्हणून सांगते, ते टायर घेऊ नकोस. माझ्यावर राग आहे तो असू दे, तो रास्तच आहे. पण माझ्यावरच्या रागापायी त्या माणसावर विश्वास टाकू नकोस.

ताई

३ ऑक्टोबर

बारक्या,

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत लक्षात आलं की मी अर्धंच लिहिलं. वाचणाऱ्याला वाटेल, बिचारीला वडिलांचा माल टाकवेना, नजरचूक झाली. नजरचूक नव्हती.

तारखेचे ते चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला सगळं असतं, फक्त तेवढे आकडे नसतात. टायर रिमवर चढवताना तारखेची बाजू बाहेर ठेवायची, ही आपल्या दुकानाची पद्धत. बाबांनी मिस्त्रींना ती पहिल्याच दिवशी शिकवली होती. जुना टायर खपवायचा असेल तर काही दुकानांत ती बाजू आत घालतात. मग गाडीखाली आडवं झाल्याशिवाय कुणाला दिसत नाही. बाबा अशा लोकांना काय म्हणायचे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ते दोन टायर मी रविवारी चढवले, मिस्त्री सुट्टीवर असताना, स्वतःच्या हातांनी. आणि तारीख आत घातली. तुझ्यापासून लपवायची गरज नव्हती, तुला टायर आणि मेदूवडा... नाही, हे खोडते, विनोद करायची ही जागा नाही. मिस्त्रींपासून लपवायची होती. सोमवारी गाडी दारात बघून त्यांनी एका नजरेत तारीख वाचली असती आणि म्हणाले असते, "ताई, हे काढा." मला ते ऐकायचं नव्हतं.

अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस आला. बाहेरून नक्षी बघितली, "टायर उत्तम" असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात वेग टाकला. मी शेजारी उभी होते. त्यावर मी मान डोलावली.

मोडकी गाडी दुकानात आणली तेव्हा टायर मिस्त्रींनी उतरवले. त्यांनी आतली बाजू बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि हात पुसत मागच्या खोलीत गेले. तीन महिन्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी काम सोडलं. गुडघे खरंच दुखत होते, पण तेवढ्याने सोडलं नसतं.

बस. आता सगळं लिहून झालं. ३१११ हे त्या टायरचे आकडे. मला अजून पाठ आहेत.

ताई

२६ ऑक्टोबर

बारक्या,

बारा तारीख गेली. तू काय बसवलंस मला माहीत नाही. रविवारी आईला फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी होते. आईने विचारलं, "टायरचं झालं का?" तू काय म्हणालास ते ऐकू आलं नाही, आणि फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं नाही.

सांगितलं नाही, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती. तुला लिहिल्यावर तिला न सांगून कसं चालेल? तिच्याच खुब्याची गोष्ट आहे. मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि सगळं सांगितलं, तारखेच्या बाजूसकट. तिने दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करून घेतला, वॉकर एका हाताने धरून. मी कप पुढे केला की "असू दे" म्हणायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पायाचं मी सोडून दिलं असतं गं. पण मी त्या गाडीत होते. मी सांगत होते. तू मला गप्प बसवलंस आणि माझं पोर घर सोडून गेलं."

मी रडले. ती नाही रडली.

मग काकांना फोन केला, आत्यालाही केला. काका म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस?" मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही सगळे ऐकायला होतात, म्हणून आजही तुम्हीच ऐका." आत्याने फोन आपटला. बरं वाटलं, कुणीतरी नीट रागावलं. मिस्त्रींकडेही जाऊन आले. ते म्हणाले, "मीही तेव्हाच बोलायला हवं होतं," आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

हे तू मला माफ करावंस म्हणून लिहीत नाही. पूर्वी लिहिलं असतं कदाचित. सध्या मला एकच गोष्ट कळायला हवी. तुझ्या गाडीला कुठले टायर आहेत? इकडे पाऊस पडला की मला ते झाडांखालचं वळण दिसतं, जे मी बघितलेलंही नाही. सकाळी सहाला जाग येते आणि तू पुलावर पोचला असशील असा हिशेब डोक्यात सुरू होतो. चार आकडे लिहून पाठव, बाकी कागद कोरा ठेवलास तरी चालेल.

ताई

११ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. दुकानात एक जण पंक्चर घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांबा, आणि अर्धा तास मागच्या खोलीत बसले. बाहेर आले तर तो माझे डोळे बघून म्हणाला, "बाई, मी उद्या येऊ का?"

बारमाही बसवलेस. वेगळ्या दुकानातून, याच वर्षीचे, बत्तिसावा आठवडा. गाडीखाली आडवा होऊन चारही टायरच्या दोन्ही बाजू बघितल्यास, आणि शर्ट खराब झाला म्हणून माझ्या नावाने ठणाणा केलास. कर. तीन आठवडे मुद्दाम कळवलं नाहीस असंही लिहिलंस. तेही समजलं. मी तुला पाच वर्षं अंधारात ठेवलं होतं.

"माफ केलं असं लिहायला बसलो, पण लिहिता आलं नाही." खरं लिहिलंस ते बरं केलंस. असलं पत्र मला तुझ्याकडून पहिल्यांदाच आलंय.

पण त्याच्या पुढचं जे लिहिलंस, ते वाचून मी मागच्या खोलीत गेले. की या पाच वर्षांत तू शेजारच्या सीटवर कुणालाही बसू दिलं नाहीस. हॉस्पिटलातलं कुणी "वाटेत सोड ना" म्हणालं की मला दुसरीकडे जायचंय असं सांगतोस. दोन सीटची गाडी घेतलीस, कारण मागे बसणारा तरी आपोआप टळतो, आणि शेजारच्या सीटवर बॅग ठेवतोस. साठच्या आत होतो हे तुला पक्कं ठाऊक होतं, तरी मी इतक्या ठासून म्हटलं की तुझा तुझ्याच हातांवरचा विश्वास उडाला. "ताईला टायरमधलं कळतं, गाडीतलं कळतं, ती म्हणते तर माझंच काहीतरी चुकलं असणार." हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

बारक्या, तुझे हात चांगले आहेत. गाडी मागून सुटल्यावरही तू आईची बाजू दुभाजकावर जाऊ दिली नाहीस, अर्धी तरी वळवलीस, नाहीतर आई आज चहा करायला उभी नसती. मोडकी गाडी दुकानात आली तेव्हाच, टायर उतरवायच्या आधी, मिस्त्री हे म्हणाले होते. मी तुला कळवलं नाही.

आईला यायचंय, पण इतक्या बुटक्या गाडीत तिला बसता यायचं नाही, तिचा खुबा तेवढा वाकत नाही. ती म्हणाली, "तू जा." म्हणून मी येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी येते. साडेदहाची बस आहे, दोनपर्यंत पोचेन. स्टँडवर न्यायला ये. रिक्षा करून येते, असं मी म्हणणार नाही, आणि तूही सुचवू नकोस. यायचं नसेल तर उलट टपाली कळव, मी समजेन. पण यायला जमलं तर गाडी घेऊन ये आणि सीटवरची बॅग डिकीत टाक.

नव्या टायरचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवायचे असतात. साच्यातून आलेला गुळगुळीत थर झिजला की मगच पकड येते. तुझं तेवढं अंतर एव्हाना झालं असेल, तरी थोडं आपण दोघं मिळून जाऊ. पुलावरून जाऊ, ते झाडांखालचं वळणही घेऊ. मी शेजारी बसेन. वेग किती ठेवायचा ते तू ठरव, मी मीटरकडे बघणार नाही.

ताई